पटनीचे चर्च आणि दोरीला बांधलेली पेन्सिल : निवडणुकीच्या आठवड्यातले लंडन

साताऱ्याच्या एका महाविद्यालयात मी ३१ वर्षे इंग्लंडचा इतिहास शिकवला, आणि तो सगळा इंग्लंड न पाहता शिकवला. १८३२, १८६७, १८८४, १९१८, १९२८ अशी मताधिकाराच्या कायद्यांची पायरीपायरीने वर जाणारी शिडी मी फळ्यावर इतक्या वेळा काढली होती, की ती सरळ आणि अखंड आहे याबद्दल मला स्वतःलाच शंका उरली नव्हती. निवृत्तीनंतर लंडनला राहणाऱ्या भाचीने बोलावले, तिकिटे काढून झाली, आणि त्यानंतर २२ मे २०२४ रोजी तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी डाउनिंग स्ट्रीटवर भर पावसात छत्रीशिवाय उभे राहून ४ जुलैची निवडणूक जाहीर केली. माझा मुक्काम नेमका त्याच आठवड्यात पडत होता. शिवाय भाचीचे भाड्याचे घर पटनीत होते, आणि सतराव्या शतकातल्या इंग्लंडचा अभ्यास करणाऱ्याला पटनी म्हटले की काय आठवते, ते पुढे येईलच.

सोमवार, १ जुलै

विम्बल्डनचे सामने त्याच दिवशी सुरू होत असल्यामुळे समोरच्या फलाटावर येणाऱ्या भुयारी गाड्या प्रेक्षकांनी खच्चून भरलेल्या होत्या. आमची शहराकडे जाणारी गाडी मात्र निवांत होती. जुलै महिना असूनही अंगात स्वेटर लागत होता. भाचीला सुट्टी नव्हती, त्यामुळे पहिले तीन दिवस मी एकटीच फिरले आणि त्याचे मला मुळीच दुःख नाही, कारण एका पुतळ्यासमोर अर्धा तास उभे राहणे सोबत असलेल्या माणसाला सहन होत नाही.

तो पुतळा चेरिंग क्रॉसचा, घोड्यावर बसलेल्या पहिल्या चार्ल्स राजाचा. संसदेशी झालेल्या यादवी युद्धात हा राजा हरला आणि १६४९ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. ह्युबर्ट ल सुएर या फ्रेंच शिल्पकाराने हा पुतळा १६३३ साली ओतला. यादवी युद्धानंतर संसदेच्या बाजूने तो मोडीत काढण्यासाठी जॉन रिव्हेट नावाच्या धातुकाराला विकला, आणि या गृहस्थाने तो न मोडता लपवून ठेवला. त्याच पुतळ्याच्या धातूच्या म्हणून सुऱ्यांच्या मुठी त्याने राजनिष्ठांना विकल्या अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, माणूस पक्का व्यापारी होता यात शंका नाही. राजेशाही परत आल्यावर १६७०च्या दशकात पुतळा ज्या जागी उभा राहिला, तिथेच १६६० मध्ये चार्ल्सच्या मृत्युदंडावर सही करणाऱ्यांपैकी काहींना हालहाल करून मारले होते. राजाचे तोंड व्हाइटहॉलकडे, म्हणजे त्याचा स्वतःचा शिरच्छेद झाला त्या जागेकडे आहे. बसच्या गर्दीत हे कोणाच्या लक्षात येत नाही. येण्याचे कारणही नाही.

तिथून चार पावलांवर असलेल्या नॅशनल गॅलरीचे ते दोनशेवे वर्ष होते. मी थेट व्हॅन डाइकने रंगवलेल्या चार्ल्सच्या अश्वारूढ चित्रापाशी गेले. साडेतीन मीटरहून उंच असलेल्या या चित्रात घोड्याचे डोके मुद्दाम लहान काढले आहे, त्यामुळे प्रत्यक्षात बुटका असलेला राजा त्याच्यावर भारदस्त दिसतो. झाडाला टांगलेल्या पाटीवर तो ग्रेट ब्रिटनचा राजा असल्याचे लॅटिनमध्ये लिहिले आहे. चित्र रंगवल्यानंतर दहा-बारा वर्षांतच राजाही गेला आणि त्याच्या संग्रहाचा लिलावही झाला. हे चित्र युरोपात फिरून मार्लबरोच्या ड्यूककडे आले आणि १८८५ साली सरकारी पैशाने गॅलरीसाठी विकत घेतले गेले. राजाची अशी प्रतिमा लोकांच्या करातून परत यावी, हे मला चित्रापेक्षाही लक्षणीय वाटले.

गॅलरीला प्रवेशशुल्क नाही, पण दारावर पिशव्यांची तपासणी होते आणि अकरानंतर रांग वाढत जाते. दहाला दार उघडते तेव्हाच पोहोचलेले बरे. शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडे असते.

मंगळवार, २ जुलै

वेस्टमिन्स्टरला गेले तेव्हा तिथे एकही खासदार नव्हता, आणि हे अक्षरशः खरे आहे. ३० मे रोजी संसद विसर्जित झाल्या क्षणापासून कोणीच खासदार उरत नाही. मंत्री मात्र पदावर राहतात. सभागृहे ओस होती, पण प्रवाशांसाठीच्या फेऱ्या चालू होत्या. आमच्या वाटाड्या बाई निवृत्त शिक्षिका निघाल्या. मी इतिहास शिकवत असे हे कळल्यावर त्यांनी गटाला पुढे जाऊ दिले आणि वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये मला एकटीला थोडा वेळ उभे राहू दिले.

हा हॉल १०९७ सालचा, आणि वरचे ओकचे प्रचंड छत चौदाव्या शतकाच्या अखेरचे. खाली एकही खांब नाही. जानेवारी १६४९ मध्ये इथेच चार्ल्सवर खटला चालला. त्याने डोक्यावरची हॅट काढली नाही आणि मला कोणत्या अधिकाराने इथे आणले, एवढाच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. जिथे तो बसला होता तिथे पायऱ्यांवर पितळी पट्टी आहे. मला मात्र त्याच हॉलमधला दुसरा खटला आठवत होता. साल्बाईचा तह मी दरवर्षी शिकवत असे, आणि तो मराठ्यांशी ज्याच्या कारकिर्दीत झाला त्या गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जवर १७८८ पासून १७९५ पर्यंत इथेच महाभियोग चालला. खासदार एडमंड बर्कने त्याच्याविरुद्ध दिवसचे दिवस भाषणे केली, तिकिटे मिळवून लोक ऐकायला आले, आणि सात वर्षांनी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. मुलांना मी हे एका ओळीत सांगत असे. त्या थंडगार दगडी हॉलमध्ये सात वर्षांचा काळ किती लांब असतो, याचा अंदाज मला तेव्हा नव्हता.

बाहेर क्रॉमवेलचा, म्हणजे यादवी युद्धातल्या संसदेच्या सेनानीचा आणि राजानंतरच्या सत्ताधीशाचा, १८९९ सालचा पुतळा आहे. आयर्लंडमधल्या त्याच्या कत्तली न विसरलेल्या आयरिश खासदारांनी त्यासाठी सार्वजनिक पैसा देण्यास विरोध केला, तेव्हा माजी पंतप्रधान लॉर्ड रोझबेरी यांनी नाव न सांगता स्वतः खर्च केला. रस्त्यापलीकडे सेंट मार्गारेट चर्चच्या भिंतीवर चार्ल्सचे लहानसे डोके बसवले आहे, ते बरोबर क्रॉमवेलकडे पाहते. क्रॉमवेलची मान खाली आहे. १६६१ मध्ये त्याचे प्रेत उकरून त्याचे डोके याच हॉलच्या छपरावर भाल्याला टोचून ठेवले होते, हे ठाऊक असलेल्याला त्या झुकलेल्या मानेकडे पाहून थोडे हसू येते.

दुपारी बसने रोझबेरी अव्हेन्यूवरच्या जुन्या फिन्सबरी टाउन हॉलपर्यंत गेले. १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून दादाभाई नौरोजी अवघ्या ५ मतांनी निवडून आले, त्याची तिथे पाटी आहे. त्याआधी पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी इंग्रज मतदार एखाद्या काळ्या माणसाला निवडून देतील काय, अशी शंका जाहीर भाषणात व्यक्त केली होती. पाटीचे छायाचित्र काढताना तिथून चाललेल्या एका तरुणाने हे कोण, म्हणून विचारले. मी सांगितले. पाच मतांवर त्याचा विश्वास बसला नाही.

लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. बँकेचे कार्ड टेकवायचे. २०२४ साली १.७५ पौंडांत तासाभरात कितीही बस बदलता येत होत्या. संसदेच्या फेरीची वेळ आधी ऑनलाइन ठरवून घ्यावी.

बुधवार, ३ जुलै

या दिवशी माझी बस चुकली, आणि दोष पूर्णपणे माझा होता. बर्फर्डला जाण्यासाठी मी सकाळी रेल्वेने ऑक्सफर्डला उतरले आणि बसकडे जाताना वाटेत वूस्टर कॉलेजचे दार लागले. आत जायचे नव्हतेच. पण १६४७ साली पटनीच्या चर्चमध्ये क्रॉमवेलच्या सैनिकांनी मताधिकारावर जो वाद घातला, त्याची विल्यम क्लार्क या तरुण चिटणिसाने लघुलिपीत घेतलेली टिपणे याच कॉलेजच्या ग्रंथालयात पडून होती. ती १८९१ साली इतिहासकार चार्ल्स फर्थ यांनी छापून प्रसिद्ध केली. दारासमोर उभी राहून मी सनांचा हिशोब करू लागले, आणि ३१ वर्षे फळ्यावर काढलेली शिडी तिथेच डळमळली. १८३२ चा कायदा करणाऱ्यांनी हे शब्द वाचलेले नव्हते. मताधिकारासह सहा मागण्या घेऊन लाखो सह्यांचे अर्ज संसदेकडे नेणाऱ्या चार्टिस्टांनीही नाही. १८६७ आणि १८८४ चे कायदे झाले तेव्हाही ती वही इथे बंदच होती. पटनीपासून आजच्या मतपेटीपर्यंत एक सलग धागा आहे असे मी शिकवत होते, तो धागा पुढच्या लोकांनी मागे वळून ओवलेला होता.

या विचारात बस गेली. पुढची तासाभराने. त्या वर्षी इंग्लंडमध्ये बसचे एका फेरीचे भाडे जास्तीत जास्त २ पौंड ठेवलेले होते, त्यामुळे इतका लांबचा प्रवास साताऱ्याहून पुण्याला जाण्यापेक्षाही स्वस्त पडला असे मनाशी म्हटले, आणि मग पौंडाचे रुपये करून पाहिले व गप्प बसले.

बर्फर्ड म्हणजे उतारावरचा एकच मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाच्या दगडांची घरे, आणि तळाशी विंड्रश नावाची ओढ्याएवढी नदी. नदीजवळच्या चर्चमध्ये मे १६४९ मध्ये क्रॉमवेलने आपल्याच सैन्यातले तीनशेहून अधिक बंडखोर कोंडले होते. राजाला मारून चार महिने झाले होते. थकलेला पगार आणि पटनीत मागितलेले हक्क मिळाल्याशिवाय आयर्लंडच्या मोहिमेवर जाणार नाही, असे या लेव्हलर, म्हणजे समान राजकीय हक्क मागणाऱ्या, सैनिकांचे म्हणणे होते. १७ मे रोजी त्यांच्यातल्या तिघांना चर्चच्या भिंतीपाशी गोळ्या घातल्या आणि बाकीच्यांना ते छपरावरून पाहायला लावले. बाहेर भिंतीवर तिघांची नावे आहेत. पण मी आले होते ते आतल्या बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडासाठी. त्याच्या आतल्या शिशाच्या पत्र्यावर एका कैद्याने चाकूने कोरले आहे : अँटनी सेडली, १६४९, कैदी. ‘प्रिझनर’ या इंग्रजी शब्दातले एक अक्षर त्याच्याकडून गळले आहे. व्हॅन डाइकच्या चित्रातली लॅटिन पाटी सोमवारी पाहिली होती. तिच्यात अक्षर गळण्याचा प्रश्नच नव्हता. चर्चमध्ये फुले लावणाऱ्या आजीबाईंनी मला हात लावू दिला नाही, पण बॅटरी आणून तिरपा उजेड पाडून दाखवला. तिरप्या उजेडात अक्षरे खोल दिसतात.

हातात जेमतेम दीड तास होता, त्यामुळे जेवण म्हणजे एका चहाच्या दुकानात घट्ट साय आणि स्ट्रॉबेरीचा जॅम लावलेला एक स्कोन. तो मात्र गरम होता. परतीच्या थांब्यावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. बर्फर्ड ज्या विटनी मतदारसंघात येते तिथून माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन १५ वर्षे खासदार होते. आपण आयुष्यभर हुजूर पक्षालाच मत दिले, उद्याचे मात्र अजून ठरले नाही, असे ते म्हणाले आणि मग लगेच पावसाबद्दल बोलू लागले. अनोळखी माणसाशी एवढे बोलून गेल्याचा त्यांना संकोच झाला असावा.

बर्फर्डला जाणाऱ्यांनी परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी पाहून ठेवावी. बस कमी आहेत आणि गावात रेल्वे नाही.

गुरुवार, ४ जुलै

सकाळी भाचीने पोहे केले आणि आम्ही दोघी, मी आणि ती, पुलाशेजारच्या सेंट मेरी चर्चमध्ये गेलो. ती या चर्चवरून दोन वर्षे रोज कामाला जात होती, आत एकदाही गेली नव्हती. चर्चचा मनोरा पंधराव्या शतकातला. बाकीची इमारत १८३६ मध्ये नव्याने बांधली गेली आणि १९७३ मध्ये आगीत बरीच जळाली. सैनिकांनी पाहिलेले असे मनोऱ्याखेरीज फारसे काही उरलेले नाही. आत १६४७ च्या त्या वादाचे छोटे प्रदर्शन आहे आणि सैनिकांची बाजू मांडणारे कर्नल रेन्सबरो यांचे प्रसिद्ध वाक्य लिहिलेले आहे. त्याचा आशय असा, की इंग्लंडमधल्या गरिबातल्या गरिबालाही मोठ्यातल्या मोठ्यासारखेच एक आयुष्य जगायचे आहे, म्हणून ज्या सरकारखाली राहायचे त्याला त्याने आधी स्वतः संमती दिली पाहिजे. बारकावा पाहायचा तर हे वाक्य चर्चमध्ये उच्चारले गेले नसावे. पहिल्या दिवशीची, २८ ऑक्टोबरची बैठक इथे झाली, पण दुसऱ्या दिवशीची जवळच क्वार्टरमास्टर-जनरल या लष्करी अधिकाऱ्याच्या मुक्कामी ठरली होती. तिथल्या स्वयंसेवक बाईंना हे ठाऊक होते. लोकांना वाक्यासाठी जागा लागते, म्हणून ती इथे दिली, असे त्यांनी शांतपणे सांगितले.

बाकावर बसून मी भाचीला दुसरी बाजू सांगितली. क्रॉमवेलचा जावई आयर्टन याचे म्हणणे असे, की या देशात ज्याचे कायमचे, जमिनीत रुतलेले हितसंबंध आहेत त्यालाच मत असावे. इथे जन्मलेल्याला हवा, रस्ते आणि कायद्याचे संरक्षण मिळेल. परदेशातून येऊन राहणाऱ्यानेही इथले कायदे पाळावेत, पण राज्य कसे चालावे हे या दोघांनी ठरवू नये. भाचीने विचारले, “म्हणजे मावशी, मी?” भाड्याचे घर, कामाचा व्हिसा, भारतीय पासपोर्ट. आयर्टनच्या यादीत ती बसत नव्हतीच. आणि ती बाई असल्यामुळे रेन्सबरोंच्याही मनात आली नसती.

तरीही अकरा वाजता ती मतदान करणार होती. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मत आहे. १९१८ च्या कायद्याने मत ‘ब्रिटिश प्रजाजनां’ना दिले होते, आणि साम्राज्यातली बहुतेक माणसे ब्रिटिश प्रजाजनच होती. १९४८ नंतर साम्राज्य ओसरले, ‘प्रजाजना’च्या जागी राष्ट्रकुलाचा नागरिक आला, आणि मत तसेच राहिले. तिच्या शेजारी राहणाऱ्या, त्याच रस्त्यावर वीस वर्षे काढलेल्या इटालियन बाईंना मात्र ते नाही. रेन्सबरोंच्या तत्त्वाने जे मिळाले नसते ते भाचीला साम्राज्याच्या उरलेल्या कागदपत्रांनी दिले होते. हे मी वर्गात कधी शिकवले नाही, कारण मला हे ठाऊकच नव्हते.

मतदान केंद्र जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होते. बाहेर पोलीस नाही, मंडप नाही, शंभर मीटरची चुन्याची रेघ नाही. कुंपणाला दोन कुत्री बांधलेली आणि पक्षाची फीत लावलेले एक गृहस्थ खुर्चीवर बसून येणाऱ्यांचे यादीतले क्रमांक विचारत होते. मी बाहेरच थांबले. २०२२ च्या कायद्यानंतर इथे छायाचित्राचे ओळखपत्र लागते. त्यासाठी राष्ट्रकुल देशाचा पासपोर्ट चालतो, म्हणून भाची अशोकस्तंभाचे निळे पुस्तक हातात घेऊन आत गेली आणि चार मिनिटांत बाहेर आली. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने मतपत्रिकेवर फुली मारायची आणि घडी करून पेटीत टाकायची, एवढेच. बोटाला शाई नाही. मी ७ मे रोजी साताऱ्यात मतदान केले होते, आणि माझ्या डाव्या तर्जनीच्या नखाच्या टोकाला शाईचा शेवटचा तुकडा अजून होता. खुर्चीवरच्या गृहस्थांनी तो पाहून बोट दारात चेमटले काय, असे विचारले. मी कारण सांगितल्यावर त्यांनी शेजारच्या प्रतिस्पर्धी पक्षाच्या बाईंना बोलावून माझे नख दाखवले. पुढची दहा मिनिटे आम्ही तिघे दोन देशांच्या मतदानाबद्दल बोलत होतो. पेन्सिलीवर माझा विश्वास बसत नव्हता आणि यंत्रावर त्यांचा.

संध्याकाळी व्हिनेगर शिंपडलेले मासे आणि बटाटे कागदातच घरी आणले. जावयांनी, म्हणजे भाचीच्या नवऱ्याने, त्यावर लाल तिखट भुरभुरवले, ते मला पटले. बरोबर दहाला बिग बेनच्या ठोक्यांवर एक्झिट पोल आला : मजूर पक्ष ४१०, हुजूर पक्ष १३१. आम्ही अडीच वाजेपर्यंत जागलो आणि मग मी आडवी झाले.

शुक्रवार, ५ जुलै

पहाटे पाचला उठून पाहते तो सुनक त्यांच्या मतदारसंघात विजयी झाल्याचे पुन्हा दाखवत होते आणि व्यासपीठावर त्यांच्याजवळ काउंट बिनफेस नावाचा उमेदवार डोक्यावर कचऱ्याची पेटी घालून गंभीरपणे उभा होता. ५०० पौंड अनामत भरणाऱ्याला पंतप्रधानाच्या शेजारी उभे राहण्याचा हक्क आहे, आणि त्याला तिथून कोणी हटवत नाही. पावणेसातच्या सुमारास माजी पंतप्रधान लिझ ट्रस ६३० मतांनी पडल्या.

अंतिम आकडे मी वहीत उतरवून घेतले आहेत. ६५० पैकी ४११ जागा मजूर पक्षाला, त्याही ३४ टक्क्यांहून थोड्या कमी मतांवर. १४ टक्के मते मिळवणाऱ्या रिफॉर्म पक्षाला ५ जागा आणि १२ टक्के मिळवणाऱ्या लिबरल डेमोक्रॅटांना ७२. मतदान सुमारे ६० टक्के, म्हणजे पाचातले दोघे गेलेच नाहीत.

पावसाची सर थांबल्यावर मी व्हाइटहॉलला गेले. डाउनिंग स्ट्रीटच्या लोखंडी फाटकाबाहेर इतकी गर्दी होती की आतले काहीच दिसत नव्हते. सुनक निघताना मागे छत्री धरून उभ्या राहिलेल्या त्यांच्या पत्नीला मी शेजारच्या माणसाच्या फोनवर पाहिले. दुपारपर्यंत मजूर पक्षाचे नेते स्टार्मर राजाला भेटून पंतप्रधान म्हणून घरात शिरलेसुद्धा. सत्तेच्या बदलाला अर्धा दिवस पुरला.

गर्दीतून निघून मी थोडे वर बॅन्क्वेटिंग हाउसपर्यंत चालत गेले. इनिगो जोन्सने बांधलेल्या या इमारतीच्या छतावर रूबेन्सने चार्ल्सच्या बापाला स्वर्गात जाताना रंगवले आहे, आणि ३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्स त्याच छताखालून चालत बाहेरच्या वधस्तंभाकडे गेला. थंडीने कापलो तर लोकांना भीती वाटेल, म्हणून त्याने दोन सदरे घातले होते. इमारत बंद होती. ती मोजक्या दिवशीच उघडते, त्यामुळे जाण्यापूर्वी तारखा पाहाव्यात. मी पाहिल्या नव्हत्या.

पिकॅडिलीहून १४ नंबरच्या बसच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली. पटनी येईपर्यंत फोनवर विटनीचा निकाल शोधला. जागा लिबरल डेमोक्रॅटांकडे गेली होती. थांब्यावरच्या त्या गृहस्थांनी शेवटी काय ठरवले, ते अर्थातच त्या निकालात नव्हते.